औषधांच्या गोडाऊनमध्ये स्मार्ट चष्मा: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सकाळी दहा-साडेदहापर्यंत मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी येत राहतात आणि दोन वाजता जत, आटपाडी, विट्याच्या बाजूचे टेम्पो सुटायचे असतात. मधल्या साडेतीन तासांत जो माल काढतो त्याच्या एका हातात ऑर्डरीचा कागद, दुसऱ्या हातात क्रेट आणि कानावर पेन असतं. गोळ्यांची पट्टी उचलायला हात उरत नाही, म्हणून कागद दातात जातो. पट्टी उचलायची, बॅच नंबर वाचायचा, कागद दातातून काढून खूण करायची, पुन्हा दातात धरायचा. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. त्यामुळे सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात औषधांचा घाऊक व्यापार मोठा आहे. मी कुपवाड एमआयडीसीतल्या अशाच एका गोडाऊनमध्ये आधी माल काढायचो, आता ते काम बघतो. आम्ही माल काढण्यासाठी स्मार्ट चष्मे आणले. पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला. हल्ली ओळखीचे व्यापारी विचारायला येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कोणता चष्मा घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर या लेखात बरंच खाली आहे, कारण कामाच्या क्रमातही ते तिथेच येतं.

हा चष्मा नेमकं काय करतो

चष्म्याच्या काडीवर बसवलेला छोटासा अँड्रॉइड फोन समजा. एका डोळ्यासमोर, किंचित वर किंवा बाजूला, बोटाच्या नखाएवढा पडदा असतो. डोळ्याला तो हातभर अंतरावर धरलेल्या फोनएवढा दिसतो. सोबत कॅमेरा, माइक, लहान स्पीकर आणि वाय-फाय असतं. बिलिंगच्या किंवा स्टॉकच्या सॉफ्टवेअरमधून ऑर्डर थेट या पडद्यावर येते: कोणत्या गल्लीत जायचं, कोणता रॅक, कोणता कप्पा, कोणतं औषध, कोणती बॅच, किती नग. तुम्ही कप्प्याचा बारकोड स्कॅन करता, चष्मा "बरोबर" म्हणतो, माल क्रेटमध्ये जातो, पुढची ओळ येते. दोन्ही हात मोकळे राहतात आणि नजर मालावर राहते.

ही कल्पना जुनी आहे. डीएचएल कंपनीने नेदरलँड्समधल्या बर्गन ऑप झूम इथल्या गोडाऊनमध्ये रिको या ग्राहकाच्या मालासाठी तीन आठवडे असे चष्मे वापरून पाहिले आणि २०१५ च्या सुरुवातीला निकाल जाहीर केला: माल काढण्याची कार्यक्षमता २५ टक्क्यांनी वाढली. चष्मे विकणारे आजही हाच आकडा दाखवतात. आकडा खरा आहे, पण त्या गोडाऊनमध्ये प्रत्येक कप्प्याला आधीपासून पत्ता होता आणि प्रत्येक वस्तूची नोंद कॉम्प्युटरमध्ये होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते नसतं, आणि आमचा पहिला प्रयत्न तिथेच अडला.

आधी दोन दिवस घड्याळ घेऊन उभे राहा

खर्च करण्याआधी माल काढणाऱ्या एका माणसामागे दोन दिवस फिरा. त्याचा वेळ कशात जातो ते वहीत लिहा: चालण्यात, शोधण्यात, कागद वाचण्यात, की पॅकिंगच्या टेबलाजवळ थांबण्यात.

वेळ चालण्यात जात असेल तर चष्मा फार काही करणार नाही. रोज जाणारा माल, म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस, बीपी-शुगरच्या गोळ्या, पॅकिंगच्या टेबलाजवळ आणा. बिनखर्चाचा उपाय आहे आणि फरक त्याच दिवशी दिसतो. वेळ शोधण्यात, वाचण्यात आणि चुका निस्तरण्यात जात असेल तर चष्म्याचा विचार करा.

दोन माणसं आणि दिवसाला दोन-अडीचशे ओळींच्या ऑर्डरी एवढंच काम असेल तर माझं स्पष्ट मत आहे, चष्मा घेऊ नका. कप्प्यांच्या क्रमाने छापलेली यादी पुरते.

मग प्रत्येक कप्प्याला पत्ता द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आमच्याकडे मामा म्हणून एक जुने गृहस्थ आहेत. कोणतं औषध कुठे आहे ते त्यांना झोपेतही सांगता येतं. पण ते सुट्टीवर गेले की निम्मं गोडाऊन आंधळं व्हायचं. माहिती मामांच्या डोक्यात होती, कप्प्यावर नव्हती. चष्म्याला मामांच्या डोक्यातलं दिसत नाही. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं तेवढंच तो दाखवतो.

पत्ता साधा ठेवा: गल्ली, रॅक, मजला, कप्पा. उदाहरणार्थ ब-०४-३-२ म्हणजे ब गल्ली, चौथा रॅक, खालून तिसरा मजला, डावीकडून दुसरा कप्पा. मजला खालून मोजायचा की वरून, कप्पा डावीकडून की उजवीकडून, हे एकदाच ठरवा आणि सगळ्या गोडाऊनला तेच लावा. इंग्रजी अक्षरं वापरणार असाल तर ओ आणि आय टाळा, ती शून्य आणि एकसारखी दिसतात.

प्रत्येक कप्प्यावर दोन गोष्टी चिकटवा. एक म्हणजे पत्त्याचा बारकोड किंवा क्यूआर, आणि दुसरी म्हणजे दोन आकडी पडताळणीचा अंक. हा अंक क्रमाने देऊ नका, कसाही द्या. बारकोड फाटला किंवा स्कॅन होईना तर माणूस तो अंक वाचून दाखवतो आणि आपण योग्य कप्प्यासमोर आहोत हे पटवतो. क्रमाने दिलेला अंक माणसं न बघताच म्हणून मोकळी होतात.

एका कप्प्यात एकच औषध आणि शक्यतो एकच बॅच ठेवा. जागेअभावी दोन बॅच ठेवाव्या लागल्या तर मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत घाला आणि दोन्ही बाजूंना वेगळा पत्ता द्या. नावाने सारखी औषधं शेजारी ठेवू नका. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन या जोड्या जगभर गोंधळ घालतात. त्याहून घातक म्हणजे एकाच औषधाचे दोन प्रकार: मेटफॉर्मिन ५०० साधी आणि ५०० एसआर, म्हणजे शरीरात हळूहळू औषध सोडणारी. बॉक्सचा रंग सारखा, अक्षरं सारखी, फरक दोन अक्षरांचा. घाईतल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो, म्हणून यांच्या जागाच लांब ठेवा. एक्स्पायरी आणि ब्रेकेजचा माल तर वेगळ्या, कुलूपबंद रॅकवरच हवा, आणि त्या रॅकला माल काढण्याचा पत्ता देऊच नका.

नदीकाठच्या भागात गोडाऊन असलेल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आकडा चढू लागला की खालच्या मजल्यावरचा माल वर जातो. २०१९ च्या महापुरानंतर हे कोणाला सांगावं लागत नाही. पण माल वर गेला आणि पत्ता कॉम्प्युटरमध्ये बदलला नाही, तर पाणी ओसरल्यावर आठवडाभर चष्मा प्रत्येकाला रिकाम्या कप्प्यासमोर नेऊन उभा करेल. म्हणून खोकं उचलतानाच जुन्या आणि नव्या कप्प्याचं स्कॅन करायची सवय पावसाळ्याआधी लावा.

मालाची नोंद

आमचा पहिला प्रयत्न मुख्यतः इथे फसला. एकच औषध कॉम्प्युटरमध्ये तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी होतं. चष्मा एका नावाचा स्टॉक शून्य दाखवायचा आणि माल समोर रचलेला असायचा. तेव्हा यादी साफ करा, एका औषधाची एकच नोंद ठेवा.

मग एकक. औषधाच्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे "५" हा आकडा. पाच पट्ट्या की पाच बॉक्स? पडद्यावर नुसता आकडा कधी येऊ देऊ नका, "५ पट्ट्या" असंच यायला हवं. स्कीमचंही तेच. दहावर एक फुकट असेल तर बिलावर १०+१ लिहितात, पण माल काढणाऱ्याला पडद्यावर ११ दिसले पाहिजेत. बेरीज त्याच्यावर सोडू नका.

बारकोडचं बघू. बॉक्सवर सहसा १३ आकडी बारकोड असतो. भारतात नोंदवलेल्या कंपन्यांचे ८९० ने सुरू होतात. हा बारकोड औषध कोणतं ते सांगतो, बॅच सांगत नाही. बॅच आणि एक्स्पायरी लागते कारण बिलावर बॅच नंबर घालावा लागतो आणि मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढायचा असतो. केंद्र सरकारच्या नियमाने १ ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हे सगळं असतं. त्या मालाला तो कोड वापरा. बाकीच्या मालाला, गोडाऊनमध्ये आल्याबरोबर, कप्प्यात जाण्याआधी, बॅच आणि एक्स्पायरीचं स्वतःचं लेबल लावा. यासाठी लेबल प्रिंटर आणि एक माणूस धरावा लागतो. चष्म्याच्या हिशोबात हा खर्च कोणी धरत नाही, तुम्ही धरा.

वाय-फाय

लोखंडी रॅक आणि पाणी या दोन्हींपुढे वाय-फाय हार मानतं. सलाईन आणि सिरपची खोकी छतापर्यंत रचली की ती पाण्याची भिंतच होते. म्हणून माल पूर्ण भरलेला असताना, फोन हातात घेऊन प्रत्येक गल्लीच्या टोकापर्यंत चाला आणि सिग्नल कुठे जातो ते बघा. प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांना वर एक पॉइंट लागतो, सगळ्यांचं नाव एकच ठेवायचं, म्हणजे चालता चालता चष्मा एकावरून दुसऱ्यावर जातो. हे सगळे पॉइंट यूपीएसवर हवेत. लाइट गेली आणि राउटर बंद पडला की चष्मा नुसता चष्मा राहतो.

आता चष्मा

घेण्याआधी एक युक्ती करा. जे सॉफ्टवेअर चष्म्यावर चालणार आहे ते बहुतेक वेळा साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. मनगटावर बांधायच्या पट्ट्यात जुना फोन घाला, बोटात घालायचा ब्लूटूथ स्कॅनर जोडा आणि महिनाभर एका माणसाला काम करू द्या. पत्त्यांतल्या आणि यादीतल्या चुका इथेच बाहेर पडतात, तेही स्वस्तात. काही जणांचं काम एवढ्यावरच भागतं. भागलं तर तिथेच थांबा.

चष्माच घ्यायचा असेल तर विक्रेत्याच्या टेबलावर बघून ठरवू नका. आपल्या गोडाऊनमध्ये, आपल्या माणसाच्या डोक्यावर, पूर्ण पाळीभर लावून बघा.

वजन पहिलं बघा. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा ५६६ ग्रॅमचा होता, तसलं यंत्र डोक्यावर घेऊन कोणी चार तास वाकून-उठून माल काढू शकत नाही. आपल्याला हवे ते एका डोळ्यापुरते हलके चष्मे. डोळ्यांना नंबर असलेले कामगार असतीलच, तेव्हा नंबरच्या चष्म्यावर तो बसतो का, किंवा त्यात नंबरच्या काचा घालता येतात का ते विचारा. पडदा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावता यायला हवा. प्रत्येकाचा एक डोळा जास्त जोराचा असतो. ओळखायची रीत सोपी आहे: दोन्ही हात लांब करून अंगठे आणि तर्जन्यांचा त्रिकोण करा, त्यातून दूरची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसते तो जोराचा. बहुतेकांना पडदा त्या बाजूला बरा वाटतो, काहींना उलट. घालणाऱ्याला विचारून ठरवा.

चष्म्याच्या कॅमेऱ्याने स्कॅन होतं, पण गोळ्यांच्या चकाकत्या पट्टीवर आणि रॅकच्या खालच्या अंधाऱ्या कप्प्यात तो अडखळतो. शिवाय प्रत्येक वेळी मान वळवून कोडसमोर धरावी लागते आणि दुपारपर्यंत मान दुखते. बोटातला स्कॅनर वेगळा घ्याच.

आवाजाने हुकूम देण्याची सोय असेल तर आपल्या माणसांच्या तोंडून, पंखे चालू असताना तपासा. मराठीत आकडे बोलायचे असतील तर "सात" आणि "साठ", "आठ" आणि "साठ" यांची गफलत होते. आम्ही "सहा शून्य" असं सुटं बोलायची सवय लावली. बॅटरी पाळीभर पुरत नाही हे धरूनच चाला. बदलता येणारी बॅटरी किंवा कमरेच्या पाकिटात पॉवरबँक ठेवावी लागते. वायर काडीपासून पाठीमागून शर्टाच्या आतून न्या, नाहीतर ती रॅकच्या पट्टीला अडकते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र तापून बंद पडू शकतं, कामाची तापमान-मर्यादा कागदावर वाचून घ्या. औषधांच्या गोडाऊनला तसंही ३० अंशांच्या आत राहावं लागतं, त्यामुळे आपल्याला हा त्रास कमी. पण इन्सुलिनच्या २ ते ८ अंशांच्या कोल्डरूममधून बाहेर आलं की काचेवर धुकं बसतं. बाहेर येऊन मिनिटभर थांबायचं, पुसायचं, मगच चालायचं.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: चष्म्याच्या कंपन्या चष्मे बंद करतात. गुगलने ग्लास एंटरप्राइझची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, उद्या हा चष्मा मिळेनासा झाला तर तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या चष्म्यावर आणि साध्या फोनवर चालेल का? उत्तर नाही असेल तर दुसरा सॉफ्टवेअरवाला बघा.

पडद्यावर कमीत कमी

आमच्या पहिल्या पडद्यावर पार्टीचं, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या मेडिकलवाल्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, सगळं होतं. माणूस वाचतच उभा राहायचा. आता तीन ओळी आहेत. सगळ्यात मोठ्या अक्षरात कप्प्याचा पत्ता. त्याखाली औषधाचं नाव आणि बॅच, वेष्टनावर छापलंय अगदी तसंच. तिसरी ओळ नगांची, एककासह. कप्पा चुकला तर पडदा लाल आणि कानात आवाज. माणूस शिडीवर किंवा उंचावर पोचायच्या घोड्यावर चढला की पडदा बंद करायचा, हा आमच्याकडे नियम आहे. एका डोळ्यासमोर उजेड असताना पायाखालची पायरी चुकते.

माणसं

पहिल्या दिवशी सगळ्यांना चष्मे वाटू नका. आम्ही वाटले, आणि संध्याकाळी दोघांचं डोकं दुखत होतं, एकाला मळमळत होतं. जवळचा पडदा आणि लांबचा रॅक यांत डोळे सतत पुढे-मागे होतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आता पहिला आठवडा दिवसाला एक तास, दुसरा दोन तास, मग हळूहळू. दर वीस मिनिटांनी नजर लांब कुठेतरी टाकायची. पंधरा दिवसांनीही ज्याला त्रास होतो त्याला फोन किंवा कागदावर काम द्यायचं, त्याच्या पगारात किंवा मानात फरक पडू द्यायचा नाही. डोक्याची पट्टी, नाकाची गादी ज्याची त्याची वेगळी ठेवा, घामाची वस्तू कोणी कोणाची घालू नये.

सुरुवात कोणापासून करायची? मला वाटलं होतं तरुण पोरांपासून. प्रत्यक्षात मामांपासून केली तेव्हा काम मार्गी लागलं. चष्म्याने चुकीचा कप्पा दाखवला की ते लगेच म्हणायचे, "हे इथं नसतंय, वरच्या अंगाला हाय." त्यांच्या प्रत्येक वाक्यागणिक आमची यादी सुधारली. आपल्याला काढून टाकण्यासाठी हे आणलंय अशी भीती त्यांना होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, मलाच विचारावं लागलं. तुम्हीही आधीच विचारा आणि खरं उत्तर द्या.

कॅमेऱ्याबद्दलही पहिल्याच बैठकीत बोला. चष्म्यात कॅमेरा आहे, तर मालक आपल्याला बघतोय का, आणि शेजारी काम करणाऱ्या ताईंचं चित्रण होतंय का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे फोटो आणि व्हिडिओ साठवणं सेटिंगमधून बंद आहे, कॅमेरा फक्त कोड वाचतो. जेवणाच्या खोलीत आणि स्वच्छतागृहाकडे चष्मा न्यायचा नाही, तो टेबलावर ठेवून जायचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. कामगारांची कोणती माहिती गोळा होते, कशासाठी आणि किती दिवस राहते, हे मराठीत एका पानावर लिहून भिंतीवर लावा.

चष्मा प्रत्येकाचा वेगही मोजतो. तो आकडा पडद्यावर दाखवू नका आणि त्यावरून कोणाला बोलू नका. औषधाच्या कामात घाई झालेल्या हाताने साध्या गोळीऐवजी एसआर गेली तर ती जतच्या एखाद्या आजीच्या पोटात जाते.

चाचणी आणि नंतर

एका गल्लीपासून सुरुवात करा, आणि महिनाभर कागदही सोबत ठेवा. सुरू करण्याआधीच्या महिन्यात पार्टीकडून किती माल चुकीचा म्हणून परत आला, किती ऑर्डरी कमी भरल्या, हे मोजलेलं असू द्या, नाहीतर नंतर फरक कशाशी ताडणार? माझ्या दृष्टीने वेगापेक्षा परत येणारा माल हीच खरी कसोटी आहे. चुकीच्या एका बॉक्समागे टेम्पोची फेरी, क्रेडिट नोट आणि पार्टीचा राग, तिन्ही येतात.

टेम्पो सुटले की चष्मे मऊ कापडाने पुसून, नंबराप्रमाणे आपापल्या खणात चार्जिंगला लावायचे. दिवसात चष्म्याने दाखवलेले चुकीचे पत्ते त्याच संध्याकाळी दुरुस्त करायचे, दुसऱ्या दिवसावर ठेवायचे नाहीत. आणि महिन्यातून एका दिवशी, आमच्याकडे पहिल्या सोमवारी, सगळा माल छापील यादीवर काढायचा. नेट बंद पडेल त्या दिवशीही दोनचे टेम्पो दोनलाच सुटले पाहिजेत, आणि त्यासाठी कप्प्यावरचा पत्ता डोळ्यांनी वाचून माल काढता येणारी माणसं लागतात. त्या सोमवारी नव्या पोरांना यादी वाचायला मामा शिकवतात.